बाकावर एकटे तात्याराव

येरवडा, पुणे
८ डिसेंबर २००१

तात्यारावाला आम्ही मतं दिली ती टाळ कुटायला दिली होती का? आजच्या पेपरात फोटो आलाय. नागपूरच्या विधानभवनाच्या पायऱ्या, विरोधी पक्षाचे सगळे आमदार बसलेत, आणि मधोमध हा, डोळे मिटून, हातात टाळ. सरकारच्या नावानं भजन म्हणे. एवढ्यासाठी नागपूरला कशाला जायचं? इथे चौकात बसला असता तर आम्ही येता-जाता रुपाया तरी टाकला असता.

हे आधी लिहून टाकलं, आता रीत. चि. आम्रपालीस आजीचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. इकडे सगळे बरे. तुझा बाप संजय खोकतो पण मफलर बांधत नाही, म्हणजे बराच आहे.

नाक्यावरची सहकारी बँक बुडीत निघाली त्याला दिवाळी उलटून गेली. आत सरकारनं प्रशासक बसवलाय. तो म्हणतो पैसे कुणालाच मिळणार नाहीत, फक्त लग्न आणि दुखणं असेल तर अर्ज करा, मी वर पाठवतो. शेजारच्या सुगराबीनं लेकीच्या, मिसबाच्या निकाहासाठी अर्ज दिला. तो वर काही जात नाही. नवरामुलगा अरफात फेब्रुवारीत कंप्युटरच्या नोकरीवर सिंगापूरला निघालाय. जानेवारीत निकाह झाला नाही तर पोरीला दोन वर्षं थांबावं लागेल. गल्लीत उसने मागावेत तर सगळ्यांचं त्याच बँकेत अडकलेलं. मिसबा हसत नाही, आणि ती हसत नाही म्हणजे गल्लीत काय उरलं?

तू आमदाराचे कागद सांभाळतेस. तूच म्हणालीस की तात्याराव सरकारला याचा जाब विचारणार. विचारला का? फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हो आजी, हो आजी करतेस. कागदावर तसं करता येत नाही.

तुझी आजी
चंपाबाई

*

आमदार निवास, नागपूर
११ डिसेंबर २००१

ती. आजीस आम्रपालीचा सादर जयभीम. वि. वि. पत्र मिळालं. टाळाबद्दल तू जे लिहिलंस ते मी तात्यारावांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की फोटो पहिल्या पानावर होता की आतल्या.

आजी, प्रश्न मी लिहिला होता. छापूनही आला होता. लग्नाचे आणि आजारपणाचे किती अर्ज प्रशासकाकडे पडून आहेत आणि ते वर का पाठवले नाहीत, एवढं सरळ. पण इथला नियम असा की अध्यक्षांनी नाव पुकारलं तेव्हा आमदार जागेवर हवा. त्याच दिवशी आपल्या पक्षानं कापसाच्या भावावरून सभात्याग केला. सगळे उठून बाहेर गेले. अध्यक्षांनी तात्यारावांचं नाव घेतलं तेव्हा ते पायऱ्यांवर टाळ वाजवत होते. प्रश्न गेला. मंत्री हसले आणि पाणी प्यायले.

आता एकच संधी आहे. येत्या मंगळवारी, अठरा तारखेला, याच विषयावर त्यांची लक्षवेधी लागली आहे. ती मांडली की मंत्र्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पण पक्षानं त्या दिवशीही सभात्याग ठरवलाय. मी तात्यारावांना परोपरीनं सांगितलं की तुम्ही तेवढे बसा. ते म्हणतात, सगळे उठले की पाय आपोआप उठतात. समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर ते न वाचता सही करतात, पण बसा म्हटलं की बसत नाहीत.

रविवारी दीक्षाभूमीवर गेले होते. तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. मिसबाला काय सांगू ते सुचत नाही. लोभ कमी करू नकोस.

तुझी
आम्रपाली

*

येरवडा, पुणे
१४ डिसेंबर २००१

चि. आम्रपालीस आशीर्वाद. जास्त लिहीत नाही, पिशवी भरायचीय.

पत्र वाचलं आणि तडक मार्केट यार्डात गेले. तात्यारावाची आई मुक्ताबाई अजून तिथे मिरच्या निवडायला बसते. पोरगा आमदार झाला, पण घरात बसून तिचे हात शिवशिवतात. आम्ही दोघी वीस वर्षं एका पोत्यावर बसून शिंकलो आहोत. तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली मिरची खाली ठेवली, पदर झटकला, आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

तर मी, मुक्ताबाई आणि सुगराबी अशा तिघी सोमवारी सकाळी नागपूरला उतरतो. वर बसून बघायला पास लागतो असं संजय म्हणाला. तीन पासांचा कागद तात्यारावापुढे सरकव. न वाचता सही करतो ना, करू दे. त्याला अवाक्षर सांगायचं नाही. सुगराबी नानकटाई आणतेय. मुक्ताबाईला एकच घोर आहे, आत तंबाखू चालते का. चालत नसली तरी चालते म्हणून कळव.

आजी

*

आमदार निवास, नागपूर
१८ डिसेंबर २००१

ती. बाबांस सा. जयभीम. वि. वि. तिघी खुशाल आहेत आणि आत्ता माझ्या खोलीत नानकटाई खात मोठमोठ्यानं हसताहेत, म्हणून अक्षर हललं तर समजून घ्या.

प्रेक्षकांनी सज्जात बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, असं रखवालदारानं बजावलं होतं. आजी तासभर गप्प बसली. तुमचा विश्वास बसणार नाही, पण साक्षीदार आहेत.

ठरल्याप्रमाणे आपला पक्ष घोषणा देत उठला. तात्यारावही उठले. टाळ खिशातून अर्धे बाहेर आले होते. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. पहिल्या रांगेत मुक्ताआजी. काही केलं नाही हो तिनं. नुसतं पाहिलं. तात्याराव बसले. शेजारच्यांनी बाही ओढली, तर त्यांनी बाक घट्ट धरला. सगळे बाहेर गेले आणि एवढ्या रिकाम्या बाकांत ते एकटे.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. तात्याराव उभे राहिले आणि गोंगाटाची सवय असल्यामुळे गळा फाटेस्तोवर ओरडले. अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी सावकाश बोलावं, अडवायला कुणी उरलेलं नाही. सत्ताधारीसुद्धा हसले. मग तात्यारावांनी हळू आवाजात विचारलं. मंत्र्यांची तयारीच नव्हती, बाकं रिकामी होणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. माहिती घेऊन सांगतो, म्हणाले. तात्यारावांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. शेवटी मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला की लग्नाचे आणि आजारपणाचे सगळे अर्ज आठ दिवसांत वर जातील.

बाहेर आल्यावर सुगराबी रडली. आजीनं तिला दटावलं की रडायचं तर पुण्यात रड, इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. आणि म्हणाली, चुकलंच, मंत्र्याचीही आई शोधून आणायला हवी होती.

आपली
आम्रपाली

*

येरवडा, पुणे
९ जानेवारी २००२

चि. आम्रपालीस आजीचे आशीर्वाद. वि. वि. काल सुगराबीला बँकेतून बोलावणं आलं. मंजुरी आली. प्रशासकानं स्वतः उठून खुर्ची दिली, तर ती म्हणाली उभीच बरी आहे. निकाह सत्तावीस तारखेला. मिसबा हसतेय, इतकी की सिराज, तिचा बाप, वैतागलाय. बिर्याणी सगळ्या गल्लीला आहे आणि कांदे मुक्ताबाई यार्डातून आणणार. तू आली नाहीस तर तुझ्या वाटणीचं मी खाईन, मग माझ्या पोटाचा अर्ज तुला करावा लागेल.

तात्याराव काल तोंड पाडून आला होता. सभात्यागाला हजर का नव्हतात, याचा लेखी खुलासा द्या, अशी पक्षाची नोटीस आलीय. म्हणाला, आम्रपाली खुलासा लिहून देणार आहे, माफी मागून. खबरदार. तू लिहायचा नाहीस. त्यानंही लिहायचा नाही. त्याला ज्यानं बसवलं त्यानं सांगावं का बसवलं. मुक्ताबाई सांगेल तसं मी लिहीन, अंगठा तिचा. नोटिशीला उत्तर तीच देईल, दुसरं कुणी नाही.

आजी