कपाटाच्या दारातला आरसा

४ मार्च

धाकट्याला नेलं! आणि कपाट मीच उघडून दिलं होतं.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे कोट शिवायला टाकून गेलेली ती नवी बाई — किती गोड बोलायची! दुपारी फिटिंगला आली होती. संध्याकाळी वर्दीत आली. बरोबर चार पोलीस आणि झडतीचा हुकूम. थेट आतल्या खोलीत, थेट कपाटाशी. पांघरुणांखालून धाकट्याची पिशवी काढली. आत मोबाइल. सगळे चोरीचे म्हणे. "ताई, पिशवी मित्राची आहे गं, मला काय माहीत आत काय ते!" जाता जाता एवढंच ओरडला. भोळा आहे माझा भाऊ. कुणीही यावं आणि त्याच्या गळ्यात काहीही अडकवावं.

५ मार्च

डोळ्याला डोळा नाही. आरसा कपाटाच्या दाराला आतून आहे, मीच लावून घेतला. गिऱ्हाइकाला अंगात घालून बघायचं तर कपाट उघडावंच लागतं. इतकी वर्षं उघडतेय, कालही उघडलं. "बघा, खांद्यात कसा छान बसलाय!" शिवाय टाचण्या आणायला बाहेरच्या खोलीत गेले — कपाट तसंच उघडं टाकून! केसानं गळा कापला बाईनं. मापं घेताना मी विचारलं होतं, मुलं किती? "दोन," म्हणाली. तेही खोटंच असेल.

७ मार्च

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी समजावून सांगितलं आणि जास्तच खचले. "खोटं गिऱ्हाईक बनून घरात येणं त्यांना चालतं, ताई. तुम्ही दाखवाल ते बघणंही चालतं." म्हणजे झालंच की! मीच दाखवलं. "पण तुमच्या माघारी पिशवी उघडली असेल, तर ती झडती. तिला हुकूम आधी हवा. यांनी नंतर आणलाय. तसं सिद्ध झालं, तर पुरावा बाद होईल."

उघडली का? मी कुठे पाहिलं! टाचण्या शोधत बसले होते मी.

१२ मार्च

मशीनला हात लावलेला नाही. तिचा कोट खुंटीला लटकतोय, एका बाहीचा. आई सारखं विचारते, "सुटेल ना गं तो?" काय सांगू? काही उरलंय असं वाटत नाही.

१९ मार्च

कोर्ट. वकीलबाईंनी तिलाच विचारलं, पिशवीची चेन बंद होती का? म्हटलं, आता ही धडधडीत खोटं बोलणार आणि सगळं संपणार. तिनं माझ्याकडे बघितलं. "बंद होती. मी उघडली."

शपथेवर खोटं बोलली नाही! माझ्या दारात मात्र बोलली.

२६ मार्च

न्यायाधीश म्हणाले, गिऱ्हाइकाला आरशापर्यंत मुभा होती, पिशवीपर्यंत नव्हती. पुरावा बाद. धाकटा सुटला! आई त्याला सोडेचना. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

२७ मार्च

धाकट्यानं उठल्या उठल्या आरसा काढला आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला ठोकला. "आता गिऱ्हाइकाला आत आणू नकोस, ताई." मग कपाटाला कुलूप घातलं. मी किल्ली मागितली. दिली नाही.