फसफसणारी बरणी

द्वारका, दिल्ली, १८ जानेवारी

प्रिय कादंबरी,

सासूचं पत्र, तेही फरीदाबादला, बघून चक्रावशील. फोनवर मी भलत्याच जागी हसते आणि विषय बदलते, म्हणून लिहायला बसले. पार्वती काम सोडून गेल्यापासून तुझ्याकडे एकही बाई टिकत नाही, असं यतीन म्हणाला. चार वर्षांची सवयीची बाई गेली की घर बसतं, मला कल्पना आहे.

बातमी अशी, की तुझा तो लाल पास्ता मी घरी केला. दिवाळीआधी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू वाढलास आणि म्हणालीस, आई, यात आज एक गोष्ट नाहीये. मी काहीच कमी नाही म्हणत दोनदा घेतला आणि नको इतकं कौतुक केलं. घरी आल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. कोरियाचं तिखट आणि इटलीचा पास्ता एका कढईत नांदतात कसे, हे मला करूनच बघायचं होतं.

सेक्टर बाराच्या दुकानात गोचुजांगचा, म्हणजे त्या कोरियन मिरचीच्या लगद्याचा, लाल डबा मिळाला. दुकानदारीण म्हणाली, आंटी, बहुत तीखा है. घरी येऊन बोटाने चाटलं तर आधी गोड, मग तिखट, मागून मिसोसारखं काहीतरी आंबूस. मिसो म्हणजे जपानी लोकांचं आंबवलेलं सोयाबीन, हे यूट्यूबवर पाहून ठेवलंय, हसू नकोस. पहिल्या दिवशी हात सवयीने मोहरी-हिंगाकडे गेला. यतीनचे बाबा म्हणाले, ही ठेच्यात पडलेली वरणफळं आहेत. तरी ताट चाटून पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शहाणी झाले. लोण्यात लसूण, त्यात मंद आचेवर तो लाल गोळा, मग साय, चीज आणि पास्ता उकडलेलं पाणी. ते पाणी ओतू नका, असं तू मला तेव्हा बजावलं होतंस. खरंच, त्या पाण्यानेच सगळं एकजीव झालं.

तरीही तुझ्या त्या एका गोष्टीवाचून चव अर्धीच वाटली. म्हणून तेही, म्हणजे किमची, ते कोरियन लोणचं घातलं. लांबट कोबी मिठात ठेवला, कोरियन मिरचीचा भरडा, आलं, लसूण चोळलं आणि बरणी ओट्याखाली ठेवली. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर फुस्स झालं, बुडबुडे आले आणि तोच वास आला. 

तोच वास, कारण तो मी आधी घेतला होता. तुझ्या ओट्याखाली, दिवाळीआधीच्या त्याच मुक्कामात. आपल्याकडे फसफसलेलं लोणचं म्हणजे गेलेलं लोणचं. ऑफिसच्या धावपळीत तू विसरलीस, कुणी पाहायच्या आत आपण निस्तरावं, असं मला वाटलं. तू कामावर होतीस. मी सगळं कचऱ्यात टाकलं, बरणी घासून उपडी घातली. संध्याकाळी तू पार्वतीला विचारलंस. ती म्हणाली, मैंने नहीं फेंका, दीदी. तुमचा दोघींचा आवाज चढत गेला आणि मी समोर मेथी निवडत राहिले. तोंड उघडलं असतं तर चार शब्दांत संपलं असतं. सुनेसमोर खाली बघायची लाज वाटली, एवढंच. पुढे यतीनने सांगितलं, ती किमची तू नेहमीचा मासळीचा रस वगळून फक्त माझ्यासाठी केली होतीस.

म्हणून हे पत्र. पार्वती खरं बोलत होती आणि माझ्यामुळे तिचं काम सुटलं. रविवारी मी माझी बरणी घेऊन येते. आधी मला तिच्या घरी ने, मी तिच्यासमोर तुला सगळं हिंदीत सांगेन. तिने परत यायचं की नाही, ते ती ठरवेल. त्यानंतर तुझी इच्छा असेल तर पास्ता कर. नसेल, तर बरणी तुझ्याकडे ठेवून मी परत येईन.

तुझी, आणि त्या दिवशी गप्प बसलेली,
आई