टोपीचा चिमटा

माय, तुझा चिमटा आज मी वर्कशॉपच्या काचेच्या कपाटातून बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि परत ठेवला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. पितळ आहे, गंजत नाही, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी मुलगा तो हाताळतोच, त्यामुळे तो आपोआप चकचकीत राहतो. मला नांदेडच्या आयटीआयत फिटर शिकवायची नोकरी लागली तेव्हा तू होतीस, पण हे वर्कशॉप तू कधी पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर आधी कानशींचा खण उघडून कुठली बोथट झाली ते बघितलं असतंस आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली असतीस.

मुलांना चिमटा दाखवायचा तर आधी बंदूक समजावून सांगावी लागते. आपली ठासणीची बंदूक, पीक राखण्याच्या परवान्यावरची. दारू वरून नळीत ठासायची आणि बुडाशी जी बारीक तोटी असते तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची, तुरीच्या दाण्याएवढी. घोडा टोपीवर आपटला की टोपी उडते आणि बार होतो. आपण छर्रे कधी घातलेच नाहीत. हरभऱ्यात हरणांचा कळप उतरला किंवा भुईमुगात रानडुकरं शिरली की नुसता आवाज काढून पळवून लावायचं. मुलांना बार काढण्याचं फार कौतुक असतं. मी त्यांना सांगते, बार काढणं सोपं आहे, अवघड आहे ते बार न काढता घरी येणं. हरणं आलीच नाहीत तर टोपी चढवलेली बंदूक घरात आणता येत नाही. टोपी उतरवावी लागते, ती तोटीवर घट्ट बसलेली असते, आणि तिच्यावर भलत्या जागी दाब पडला तर ती तिथंच उडते. बाबांच्या हातात ती अशीच उडाली.

मला तो दिवस नीट आठवतो. बाबा ओट्यावर बसलेत, बंदूक मांडीवर आडवी, आणि चाकूचं टोक टोपीखाली घालून ती उचकटायला बघतायत. नळीत दारू नव्हती म्हणून निभावलं. आवाज फटाक्याएवढाच झाला, पण डाव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. तू हळद भरून फडकं बांधलंस, त्यांना एसटीत घालून अहमदपूरच्या दवाखान्यात नेलंस, परत आणलंस, आणि तीन दिवस बंदुकीकडे फिरकली नाहीस. मला वाटलं तू घाबरलीस. चौथ्या दिवशी दुपारी भांडी आवरून झाल्यावर तू चुलीपुढे पाट घेऊन बसलीस आणि घरातला पायातले काटे काढायचा पितळी चिमटा आणि खुरप्याला धार लावायची कानस पुढ्यात घेतलीस.

तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आज तीस वर्षं कानस चालवल्यावर कळतं की तू काय केलंस. चिमट्याच्या दोन्ही टोकांना आतून तू अर्ध्या चंद्राची खाच घेतलीस, अशी, की चिमटा मिटला की दोन्ही खाचांचा मिळून टोपीच्या घेराएवढा गोल व्हावा. त्या गोलाच्या खालच्या कडेला तू बारीक ओठ ठेवलास. तो ओठ टोपीच्या काठाखाली शिरतो आणि टोपीला वरून न दाबता सरळ उचलतो. माप कशाचं होतं? उडालेल्या टोप्यांचं. त्या तू एका डबीत जमवून ठेवल्या होत्यास आणि एकेक घालून बघत होतीस, दोन हात कानस मारायची, फुंकर, परत टोपी. माझी मुलं व्हर्निअर घेऊन बसतात आणि खाच एकीकडे पाव मिलीमीटर जास्त खातात. तुझ्या खाचा मी मोजल्या आहेत. दोन्ही सारख्या आहेत.

दुसऱ्या दिवशी तू टोपी चढवायची सोय केलीस, कारण थंडीत बाबांच्या उरलेल्या अंगठ्याला टोपी धरवत नव्हती आणि काळ्या मातीत पडलेली टोपी परत मिळत नाही. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा हवा भरायचा पितळी व्हॉल तू कापून घेतलास, त्याच्या तोंडाला आरीच्या पात्यानं दोन उभ्या चिरा दिल्यास, आणि चिमट्याच्या मागच्या टोकाला तांब्याच्या तारेनं तो आवळून बसवलास. चिरांमुळे तोंडाला किंचित स्प्रिंग आली. टोपी त्यात अडकते, पडत नाही, आणि तोटीवर बसवून सरळ मागं ओढलं की टोपी तोटीवर राहते आणि व्हॉल मोकळा होतो. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"हे काय करून राहिलीस?"

"तुमचा दुसरा अंगठा राखून राहिले."

बाबा हसले. अंगठा गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते.

मी ऐटीत येऊन विचारलं होतं, लोखंडाचा का नाही केलास, पक्का झाला असता. तू माझ्या हातावर चापटी मारलीस. "लोखंड लोखंडाला घासलं तर ठिणगी पडती. दारूपाशी बसून ठिणग्या पाडायच्या हायेत का तुला?" हे मला नंतर आयटीआयत एका पुस्तकात वाचायला मिळालं, तिथं त्याला अर्धं पान लागलं होतं.

बाबा गेले त्यानंतरच्या वर्षी परवाना तुझ्या नावावर झाला. बाबांच्या थोरल्या भावाला, काकांना, ते कधी पटलं नाही. "बाईमाणसानं बंदूक घिऊन रानात बसावं का? लोक काय म्हनतील?" असं ते ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. त्यांना बंदूक हवी होती हे तुलाही कळत होतं. पण बंदूक गेली की बांधावरचा आपला शब्दही जाणार होता, रान राखायला रोज त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. तू उठून रानाकडे निघायचीस. चिमटा तुझ्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचा, तेवढा फक्त वाजायचा. एका वर्षी निवडणूक होती म्हणून सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होत्या आणि खंडेनवमी आली. खुरपं, विळा, कुऱ्हाड पाटावर मांडून झाल्यावर तू मधोमध चिमटा ठेवलास आणि त्याला हळदकुंकू लावलंस. काका म्हणाले, चिमट्याची पूजा कुठं पाहिली नव्हती. तू म्हणालीस, आता पाहिली ना.

मग काकांनी अर्ज केला, की विधवा बाईला हत्यार हाताळता येत नाही, परवाना आपल्या नावावर करावा. नूतनीकरणाच्या वेळी तुला बंदूक घेऊन अहमदपूरच्या ठाण्यात बोलावलं. मी तेव्हा लातूरला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होते, वर्गात एकटी मुलगी, आणि नाक बरंच वर गेलेलं. मी लेथवर तुझ्यासाठी टोपी चढवायचं नवं हत्यार केलं होतं. पोलादी, आरशासारखं पॉलिश, मुठीला पकडीसाठी खरखरीत नक्षी. पोलाद का, असं तू विचारशील म्हणून तोंडाला पितळेची बारीक चकतीही बसवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ते तुला दिलं. तू ते उजेडात फिरवून फिरवून पाहिलंस, पदरानं पुसलंस आणि म्हणालीस, "लई गुळगुळीत केलंस गं."

ठाण्याच्या अंगणात बाभळीखाली टेबल मांडलेलं. साहेब वयस्कर, चष्मा नाकावर. काका खुर्चीच्या मागं हात बांधून उभे. साहेबांनी नळीत गज घालून ती रिकामी आहे हे स्वतः पाहिलं आणि म्हणाले, "बाई, टोपी चढवा आणि न उडवता उतरवून माझ्या हातात द्या. जमलं तर परवाना तुमच्याकडेच राहील. नाही जमलं तर मला दुसरा विचार करावा लागेल." तू आधी माझं हत्यार काढलंस. मला वाटलं माझी छाती फुटणार आता अभिमानानं. तू टोपी त्यात घातलीस, तोटीवर बसवलीस, मागं ओढलंस, आणि टोपी हत्यारातच अडकून परत आली. दुसऱ्यांदाही तेच झालं. मी तोंडाचं माप पक्कं घेतलं होतं, अगदी टोपीएवढं, आणि चीर द्यायची राहिली होती. घट्ट धरलेलं सुटावंही लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काका नुसते खोकले. साहेबांनी चष्मा काढला.

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. माझं हत्यार पदरात ठेवलंस, कमरेचं जुडगं सोडलंस, आणि चिमटा हातात घेतलास. एकदा चढवलीस. टोपी बसली की नाही ते बोटाच्या नखानं हलकेच बघितलंस. मग चिमटा उलटा फिरवलास, खाचा मिटल्या, आणि टोपी साहेबांच्या तळहातावर. तिच्यावर चरासुद्धा नव्हता. साहेबांनी "परत" म्हटलं, तू परत केलंस. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः चिमटा मागून घेतला, उलटसुलट पाहिला, व्हॉलचं तोंड दाबून बघितलं.

"हे कुणी बनवलं?"

"माझ्या लेकीनं," तू म्हणालीस. "लातूरला आयटीआयला शिकून राहिली."

साहेबांनी मला जवळ बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पोरीच्या हातात कला आहे. काकांना खरं माहीत होतं. त्यांनी हा चिमटा दहा वर्षं पाहिलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि का कोण जाणे, तेही काही बोलले नाहीत. साहेबांनी सही केली.

परतीच्या एसटीत तू एवढंच म्हणालीस, "तुझं बी चांगलं हाय. जरा चीर दे त्याला." मी दिली, आणि ते चालायला लागलं, पण तू शेवटपर्यंत तुझाच चिमटा वापरलास. तू साहेबांपुढे खोटं का बोललीस हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं काय ते परत माझ्यासमोर मांडलं असतंस, आणि मला ते नको होतं. मला तो चिमटा माझाच असावा असं वाटत होतं.

तू गेल्यावर बंदूक मी रीतसर ठाण्यात जमा केली. चिमटा ठेवून घेतला. वर्कशॉपमध्ये उत्तम कामांचं कपाट झालं तेव्हा मी तो त्यात मांडला, आणि खाली चिठ्ठी लावली, 'घडवणारी', आणि पुढे माझं नाव. तुझा एक शब्द मी खरा करून ठेवला, असं स्वतःला सांगत राहिले. पाहुणे यायचे, अधिकारी यायचे, वाहवा करायचे. मी मान लववायचे.

यंदा खंडेनवमीला मुलांनी सगळी हत्यारं मांडली, आणि एका मुलीनं चिमटा मधोमध ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली. 'घडवणारी'च्या पुढे आता तुझं नाव आहे, पूर्ण, बापाच्या नि नवऱ्याच्या नावासकट, आणि खाली लिहिलंय, साधनं: खुरप्याची कानस, आरीचं पातं. शेजारी माझं पोलादी हत्यारही ठेवलंय, चीर दिलेलं, माझ्या नावानं. कपाटात ही दोन्ही शेजारी पडलेली बघते तेव्हा माझी छाती त्या ठाण्याच्या अंगणातल्यापेक्षा जास्त फुगते, आणि या वेळेला ती खऱ्यावर फुगते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? घडी करून त्याच कपाटाच्या मागच्या फळीला खोचून ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, मॅडम, चिठ्ठी का बदलली? मी म्हणाले, जुन्या चिठ्ठीवरची शाई उडाली होती. शाई उडाली नव्हती, माय.