भोपळ्याची शिंक

४ मार्च, सोमवार

शिंकला! ऐन माझ्या सुरावर शिंकला, मेला!

पहिला प्रयोग. नाट्यगृह गच्च. दुसऱ्या अंकात मोलकरीण — म्हणजे मी — कंजूष मालक झोपलाय असं बघून शिडीवर चढते, कपाटावरची किल्ली काढते, आणि किल्ली हातात आली की अख्ख्या ऑपेरातला सगळ्यात वरचा सूर लावते. श्वास घेतला, तोंड उघडलं — आणि खुर्चीत झोपलेल्या भोपळ्यानं अशी काही शिंक दिली की त्याचा टोप उडून खाली वादकांत पडला! लोक लोळले. माझा सूर? कोणालाच ऐकू आला नाही. त्या हशात मलासुद्धा नाही.

भोपळा म्हणजे मालकाचं काम करणारा आमचा खर्जातला गायक. नाव पोटावरून पडलंय, आणि त्याला ते आवडतं, हे आणखी वाईट.

आजवर मी या रंगमंचावर नुसती मरत आले. क्षयानं, विषानं, पोटात सुरी खुपसून. हसवणारी नायिका पहिल्यांदा मिळाली, तीही भांडून. "तुम्ही आणि विनोद?" असं काठीवाले माझ्या तोंडावर म्हणाले होते. काठीवाले म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक. सोप्रानोनं, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईनं, रडावं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

आणि हशा कोणाला? भोपळ्याला!

५ मार्च

पेपरात आलंय. 'शिंकेनं प्रयोग जिंकला.' माझ्याबद्दल अर्धी ओळ — 'त्यांनीही उत्तम साथ दिली.'

साथ! मी नायिका आहे का वाजंत्री?

७ मार्च

आज मेकअपच्या खोलीत गाठलं त्याला. अर्धी मिशी चिकटवून बसला होता. म्हटलं, "तालमीत कधी शिंकला नाहीस. आता कुठून आलं हे?"

"सुचलं आयत्या वेळी."

"माझ्या सुरावरच सुचलं?"

"लोक हसले ना? हसायलाच आलेत ते, बाई."

मला चीड आली की हा मला 'बाई' म्हणतो. म्हटलं, "त्या एका सुरासाठी मी महिनोन्महिने मरमर केलीये." त्यानं उरलेली मिशी लावली, आरशातून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "माहितीये." बस. ना माफी, ना कबुली.

८ मार्च

परत शिंकला. या वेळी दोनदा! दुसरी मी श्वास पुरेपर्यंत सूर धरून ठेवला तेव्हा. म्हणजे मी थांबायची वाट बघत होता.

अंगाचा तिळपापड झालाय. लिहायचीही इच्छा नाही.

९ मार्च

सकाळी घरी तोच सूर लावून बघितला. लख्ख! शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, इतका लख्ख. म्हणजे आवाजाला काही झालेलं नाही. मग लोकांनी तो का ऐकू नये?

दुपारच्या प्रयोगाला ताई आली होती. शेवटी आत आली ती डोळे पुसत. "अगं, काय हसले मी! पोटात दुखायला लागलं. तो जाड्या काय शिंकतो गं!"

"आणि मी?"

"तू छानच. तू काय, नेहमीच छान."

"शिडीवरचा सूर कसा वाटला?"

ताई गोंधळली. "शिडीवर तू गात होतीस?"

बहीण नसती तर बोलणं टाकलं असतं.

१० मार्च

काठीवाल्यांकडे गेले. त्यांची खोली म्हणजे कागदांचं गोदाम. बसायला खुर्ची नाही, उभ्यानंच बोलले. म्हटलं, "सर, हा शिस्तीचा प्रश्न आहे. शिंक संहितेत नाही. तुम्ही त्याला सांगा."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत पुसला.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू या. प्रयोग चांगला चाललाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका! दात दुखणाऱ्याला म्हणावं, दाताला लावून घेऊ नका. या नाट्यगृहात पुरुषांचं एकमेकांशी फार छान जमतं. उद्या मी त्याच्या गाण्यात तवे आपटते, मग 'बघू' म्हणतात का ते बघू!

१२ मार्च

शेवटचं सांगितलं. सगळ्यांसमोर, विंगेत. "उद्या शिंकलास तर परवापासून दुसरी नायिका शोधा."

काठीवाले आपल्या बुटांकडे बघत होते. भोपळा म्हणाला, "बरं. नाही शिंकणार."

जिंकले एकदाची! पण त्याचा चेहरा असा झाला होता की जिंकल्याची मजाच गेली. तीसुद्धा त्यानं खाल्ली.

१३ मार्च

फाटला.

नाही शिंकला तो. शब्द पाळला. मी शिडीवर, किल्ली हातात, नाट्यगृह शांत — इतकं शांत की खालच्या बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला. सूर लावला. लागला, क्षणभर थरथरला, आणि जुनं फडकं फाटावं तसा टरकन फाटला. मग नुसती हवा.

कोणी हसलं नाही. मागे कोणीतरी खोकलं. खाली भोपळा डोळे मिटून पडला होता. झोपलेल्या माणसाचे डोळे इतके घट्ट मिटलेले नसतात.

१४ मार्च

अंथरुणातून उठले नाही. दुपारी भोपळाच घरी आला. दारात उभा, आत येऊ का नको.

म्हटलं, "किती दिवस माहीत होतं?"

"रंगीत तालमीपासून."

रंगीत तालमीत तो सूर गेला होता. मी म्हटलं होतं, एसीच्या हवेनं घसा धरला. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही डोलावली होती, म्हणजे मनातल्या मनात.

"घरी लागतो तुझा," तो म्हणाला. "तिथं तू अर्धा अंक धावून आलेली नसतेस. जिने, टेबलावरून उड्या, मग शिडी. मरायच्या भूमिकेत पडून गायचीस. श्वास शिल्लक असायचा. आता वरपर्यंत पुरत नाही. काठीवाले म्हणाले, काहीतरी कर."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस."

सोडलं असतं. पण म्हणून मी उपकार मानू? सगळं नाट्यगृह मला सांभाळून घेत होतं, आणि मी छाती काढून भांडत फिरत होते. उपकार मागितले होते कोणी? म्हटलं, "जा तू." गेला. जाताना दार हळू लावून गेला, त्याचाही राग आला.

काठीवाल्यांचा फोन. मी म्हणत असेन तर सूर काढून टाकू, गाणं खालच्या पट्टीत घेऊ, नाहीतर शिंक परत घालू. "तुम्ही सांगाल तसं." फोन ठेवला आणि रडले. नायिकेसारखी अजिबात नाही. नाक वाहत, भेसूर.

१५ मार्च

सुट्टी. पडून राहिले. रागवायलाही कंटाळा आला.

१६ मार्च

प्रयोग झाला. कोणालाच काही सांगितलं नव्हतं. शिडीवर चढले, किल्ली घेतली, छातीभर श्वास घेतला, वर बघितलं — खूप वर — मग लोकांकडे बघितलं आणि मान हलवली. नाही बाबा. आणि त्या सुरावरचा शब्द खर्जात लावला, भोपळ्याच्याही खाली, म्हशीसारखा. नाट्यगृह कोसळलं! हशा थांबेचना. भोपळा झोपायचं विसरून खुर्चीत गदगदा हसत होता, खरंखुरं, आणि त्या नादात त्याची पुढची ओळच गेली.

मी त्याला मुळीच सांभाळून घेतलं नाही.