पुढच्या दाराची बेल

सव्हाना,
१४ एप्रिल १९८७, मंगळवार

प्रिय अर्नेस्टीनताई,

काल भेटलो आणि आज लगेच पत्र, तेही याच गावातल्या हॉटेलातून. हस, हस! पण काल तुझ्यासमोर तोंडच उघडलं नाही.

आज सकाळी घोडागाडीतून गाव पाहिलं. आपलंच गाव, तिकीट काढून! आपल्या गल्लीत गाडीवाला म्हणाला, "या घरात एका कप्तानाचं भूत राहतं." मी ओरडलेच, "काहीतरीच काय! इथे आमची शेजारीण कोराबाई राहायची. भूतच तिला घाबरलं असतं!" तो गोड हसला, "बाईसाहेब, तुम्ही म्हणता तसंच असेल." आणि कप्तानाची गोष्ट तशीच पुढे रेटली.

आपल्या दक्षिणेत हे असंच. होकार काय, नकार काय, दोन्ही साखरेत घोळलेले. तिकडे उत्तरेत क्लीव्हलंडला इतकी वर्षं काढून मला आता फरकच कळेनासा झालाय.

तुझंही काही कळलं नाही. व्हरांड्यात बसवलंस, ठेवणीतले ग्लास काढलेस, बर्फ घालून गोड चहा दिलास. "हॉटेल बरं आहे ना?" विचारलंस. निघताना "पुन्हा यायचं हं!" अगं, मी तुझी डेला ना?

हॉटेलात परतल्यावर डोक्यात उजेड पडला. मी पुढची बेल वाजवली होती! आपल्या घरी पुढच्या दाराशी येतात ते पाद्री, विमावाले नि पाहुणे. घरचं माणूस मागून थेट स्वयंपाकघरात शिरतं. मग तू तरी काय करणार? की मुद्दामच बाहेर बसवलंस? आईच्या आजारपणात आपलं बोलणं तुटलं, ते नेमकं कशावरून, मला आज धड सांगताही येणार नाही. तुला येईल?

आणि निघताना हातात दिलेला तो केक! परक्याला कागदात गुंडाळून देतात. तू आईच्या निळ्या काठाच्या बशीत दिलास. बशी म्हटली की ती परत करायला यावंच लागतं, आणि रिकामी आणून चालत नाही. मुद्दाम दिलीस, की हाताला लागली ती दिलीस? विचार करून डोकं पिकलं.

फिरायला आले म्हणाले, ते खोटं. माझा वॉल्टर गेल्यापासून तिकडचं घर एकटीला खायला उठतं. ताई, मला घरी यायचंय. कायमचं. तोंडावर विचारायची छाती झाली नाही. तू गोड हसून "बघू हं" म्हणाली असतीस, तर मी मेलेच असते.

हे पत्र हॉटेलच्या पोऱ्याहाती आजच पाठवतेय; उद्या दुपारी मागच्या दाराने येते. हॉटेलात शिजवणार कपाळ, म्हणून बशीत घालायला स्ट्रॉबेऱ्या घेतल्यात. आतून कडी लागलेली असली तर बशी पायरीवर ठेवीन आणि संध्याकाळची गाडी पकडीन. फक्त गोड बोलू नकोस, ताई. नको असेन तर सरळ कडी लाव.

बेल न वाजवता येणारी,
तुझी डेला