खाकी शर्टाबद्दल विचारायचं होतं

अर्धी पाळ चालून झाली होती, बाबा, तेव्हा कॅम्पातली तिबेटी बाई, आता सगळ्यांची आमा-ला म्हणजे आई, मागून ओरडली, ‘उल्टा चल रही है मास्टरनी!’ मी थांबले. तलाव माझ्या डाव्या हाताला होता. तो उजव्या हाताला पाहिजे. ज्याच्याभोवती फिरायचं ते उजवीकडं राहिलं पाहिजे, नाहीतर फेरी धरत नाहीत, असं ती पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसून माळ ओढता ओढता सांगत होती. मी म्हटलं, मी फेरी घालत नाही, पाय तयार करतेय. ती म्हणाली, ‘पैर को भी सीधा सिखा.’ मग मी वळले आणि आलेली अर्धी वाट परत चालले. ऊन चढलं म्हणून तशीच घरी आले. त्या सकाळी माझी फेरी ना इकडून पूर्ण झाली ना तिकडून.

तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी कैलासाला जायचं ठरवलं आहे. ठरवलं आहे असं म्हणते, पण गोंदियाच्या ज्या माणसाकडून आम्ही सगळे जाणार आहोत त्याला अजून पक्कं कळवलेलं नाही. काठमांडूपर्यंत एक प्रवास, तिथून गाडीनं तिबेटात, आणि मग तीन दिवस चालणं. पहिल्या दिवशी नदीच्या काठाकाठानं. दुसऱ्या दिवशी खिंड, आणि ती इतकी उंच की तिथं श्वास पुरत नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी उतार. हे सगळं मी चौकटीच्या कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. खाली सामानाची यादी आहे. जाड मोजे, काठी, उंचीवर डोकं दुखू नये म्हणून गोळ्या, रेनकोट, ग्लुकोज. डोंगरावर कोणी चढत नाही. त्याच्याभोवती फिरायचं आणि परत यायचं, एवढंच. मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. डाव्या गुडघ्याचं काही खरं नाही. दिवाळीपासून रोज सकाळी आपल्या गावच्या आणि तिबेटी कॅम्पच्या मधल्या तलावाला चालते, आणि कपाट उघडताना रोज तो कागद वाचते. वाचताना असं वाटतं की दुसऱ्या कोणाच्या तरी सहलीचा तो बेत आहे आणि माझ्याकडं फक्त अक्षर सुधारायला दिलाय.

कायले जाऊन राहिली, असं तुम्ही विचारलं असतं. सगळेच विचारतात. गोंदियाचा तो माणूस विचारत नाही, तो स्वतःच सांगतो. ‘मॅडम, ये टूर नहीं है, बुलावा है. भोलेबाबा जिसको बुलाता है वही जाता है.’ मी म्हटलं, मला बुलावा नाही आला, मी तुमचा बोर्ड वाचून आले. तो म्हणाला, ‘वही तो!’ आमचा सगळ्यांचा एक ग्रुप त्यानं फोनवर केला आहे, त्यावर रोज सकाळी हर हर महादेव येतं. मी खाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते. ते हात कोणाला जोडले, हे कोणी विचारत नाही. विहारात मात्र विचारलं. रविवारी वंदना झाल्यावर चटया गुंडाळताना आपल्या गल्लीतली ती थोराड बाई, जिची माय तुम्हाला भाऊ म्हणायची, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘महादेवाच्या पहाडावर जाऊन राहिल्या म्हने बाई तुमी? ब्रह्मा, विष्णू, महेशाले मानणार नाई, ही पयली प्रतिज्ञा दर रविवारी मंग कोन म्हनते, तुमीच ना?’ बाया हसल्या. मी सांगितलं की तो पहाड तिबेटी लोकांचाही आहे, ते बौद्ध आहेत, त्यांच्या भाषेत त्याचं नाव वेगळं आहे. ती म्हणाली, ‘म्हंजे नाव बदललं का चालते!’ पुन्हा हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर वाटलं, तिचं बरोबर आहे. मग वाटलं, नाही. मग भात लावला.

तुम्हाला कॅम्पातलं ते स्वयंपाकघर आठवत असेल. मला आठवतं ते माझ्या उंचीवरून, म्हणजे चुलीच्या वरची भिंत मला मान वर करून बघावी लागते आहे. तुम्ही त्यांच्या सोसायटीचा ट्रॅक्टर चालवत होतात. त्या लोकांना तिबेटातून येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. जंगल तोडून जमीन दिलेली, आणि धान कसं लावतात ते त्यांच्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. ट्रॅक्टर चालवायला ठेवलेला माणूस बांधीत उतरून परे कसे धरायचे, चिखलात किती खोल खोचायचे, ते दाखवतोय, आणि लांब झग्यातल्या बाया झगे खोचून तसंच करतायत. दुपारी मी डबा घेऊन येते. तुम्ही डबा आमा-लाच्या सासूच्या घरात खाता. ती तुम्हाला चहा देते. तुम्ही एक घोट घेता आणि तोंड वाकडं करता. ‘चहात मीठ टाकते वो ही बुढी!’ बुढीला कळत नाही, पण ती हसते. आमा-ला तेव्हा नवी सून आहे, तिला थोडी हिंदी येते. चुलीच्या वर धुरानं पिवळं पडलेलं कॅलेंडर आहे, त्यावर पांढरा डोंगर, हाच कैलास. तुम्ही विचारता, ‘इथं काय पिकते?’ सून म्हणते, ‘कुछ नहीं.’ ‘मंग कायले रडता त्याच्यासाठी?’ सून ते सासूला तिच्या भाषेत सांगते. मला वाटतं आता भांडण होणार. सासू पुन्हा हसते, इतकी की डोळे पुसते, आणि तुमच्या कपात आणखी चहा ओतते. तुम्ही तो पिता. पुढं कितीतरी वर्षं तुम्ही तो चहा पीत होतात आणि दर वेळी तोंड वाकडं करत होतात.

त्याच वर्षीची गोष्ट, किंवा पुढच्या. मी दहा वर्षांची असेन. त्यांच्या मंदिरापाशी लाकडी खोलीत मंत्र लिहिलेलं एक मोठं रंगीत पिंप उभं होतं. म्हातारी माणसं ते हातानं फिरवत, आणि त्याच्याभोवती चालत राहत. संध्याकाळी त्यांची रांग लागायची. एका म्हाताऱ्यानं माझं बोट धरलं आणि मला रांगेत घेतलं. मला तो खेळ वाटला. किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. तुम्ही ट्रॅक्टरच्या शेडमधून आलात, हात काळे होते, आणि मला कोपराला धरून बाहेर ओढलंत. फ्रॉकच्या बाहीवर पाच बोटं उठली. मायनं तो फ्रॉक सोड्यात उकळला तरी ती पुरती गेली नाहीत. म्हाताऱ्याला तुम्ही काही बोलला नाहीत. सायकलवर मागं बसले तेव्हा बोललात, पुढं बघत. ‘तुया आजा बी फिरे. जत्रेत, देवराच्या भोवती. भोवती म्हंजे भिंतीच्या बाहेरून. आत जाऊ देत नव्हते आपल्याले. नारळ बाहेरून द्याचा, आतला मानूस फोडे, अन तुकडा बाहेर फेके. मी त्याचं बोट धरून फिरलो हावो. आता नाई. आपन कोन्याच्याच भोवती फिराचं नाई. जाचं तं सिद्धं आत जाचं. नाई तं जाचंच नाई.’ मग विचारलं, ‘मंग ते म्हातारे काऊन फिरतात?’ चढ आला होता, तुम्ही उतरून सायकल ढकलायला लागलात. म्हणालात, ‘त्याईचं घर गेलं. फिरू दे त्याईले.’

यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी शिकले, नोकरीला लागले, केशोरीच्या शाळेत शिकवत असताना तुम्ही मला भेटायला आलात तेव्हा पहिल्यांदा सरळ वर्गात येऊन खुर्चीवर बसलात, ऑफिसात थांबला नाहीत. मुख्याध्यापक बघत राहिले. मला लाज वाटली होती. आता तसं वाटत नाही, पण तेव्हा वाटली होती, हे खरं.

कालचं सांगते. त्यांच्या नव्या वर्षाच्या पूजेसाठी कॅम्पात बाहेरून एक लामा आले आहेत. स्वेटर विकायला शहरात गेलेली मंडळीही परतली आहेत, सगळीकडं पताका आहेत. आमा-लाचा नवरा मागच्या वर्षी गेला. तिनं मला बोलावलं आणि त्याची लोकरीची टोपी दाखवली. तिला स्वतःला तिकडं जाता येत नाही. तिबेटातून पाठीवर बांधून आणलं तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि आज तिच्याकडं पासपोर्ट नाही, निर्वासितांना देतात ते पिवळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक आहे. ते घेऊन तिथं कोणी जाऊ देत नाही. ‘ये टोपी ऊपर छोड़ना,’ ती म्हणाली. ‘जहाँ सबसे ऊँचा है, वहाँ. सब छोड़ते, जो मर गया उसका कपड़ा. फिर उसको आगे का रास्ता दिखता.’ मी हो म्हटलं. आणि मग, कसं ते मला अजून कळलेलं नाही, मी म्हटलं, ‘बाबांचा शर्टही नेते.’

तिची माळ थांबली. ‘पूछा उससे?’

मला वाटलं ती थट्टा करतेय. म्हटलं, ‘आमा-ला, त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.’

‘तो? मेरे वाले को मैंने पूछा था. टोपी उसने खुद उतार के दिया. तेरे बाप को मैं जानती. पूछे बिना उसका पाना कोई हाथ नहीं लगाता था. एक बार मेरा देवर ले गया तो तीन दिन ट्रॅक्टर नहीं चलाया, मालूम है?’

मला मालूम नव्हतं.

‘कपड़े पर मंतर लामा पढ़ेगा, और लामा परसों सुबह जाता है. उसके पहले पूछ के आ.’

ती परसों म्हणजे उद्या सकाळ. म्हणून दुपारपासून हा कागद घेऊन बसले आहे.

शर्ट खाकी आहे, कॅम्पात घालायचात तो. तुमचे बाकीचे कपडे मायनं वाटले. हा कोणी घेतला नाही कारण त्याला डिझेलचा वास होता. आता वास नाही. किंवा मला येत नाही. तो तिथं वर टाकला तर हजार लोकांच्या कपड्यांत पडेल, दगडांवर, आणि त्यातले बहुतेक कपडे महादेवाचं नाव घेऊन टाकलेले असतील. तुमचा शर्ट, बाबा. तुम्ही कधी बर्फ पाहिला नाही. तुम्हाला राग येईल की तिथंही काय पिकतं ते विचाराल, मी ठरवू शकत नाही. मी तुमचं उत्तर ऐकायचा प्रयत्न करते तेव्हा तुमच्या बोलीत माझाच आवाज येतो.

मला एक विचारायचं आहे. त्या डोंगराला आत नाही. भिंत नाही, दार नाही, आत उभा राहून नारळ फोडणारा कोणी नाही. जो जातो तो बाहेरूनच फिरतो, लामा असो की गोंदियाचा व्यापारी. मग ते फिरणं तुम्ही म्हणालात तेच फिरणं आहे का? काही दिवशी मला वाटतं की नाही, हे वेगळं. काही दिवशी वाटतं की मी मास्तरकी करतेय, तुम्हाला आवडायची नाही तशी, जाड शब्दांवर पातळ युक्तिवाद चढवतेय. खरं म्हणजे मी का जातेय तेच मला सांगता येत नाही. विहारात एक कारण देते, ग्रुपवर दुसरं, आमा-लाला तिसरं. तिन्ही अर्धी आहेत, आणि तीन अर्धी मिळून एक होत नाही. धर्मासाठी नाही. घरापासून लांब जाण्यासाठी असेल. पण घर तर मला आवडतं. त्या म्हाताऱ्यानं बोट धरलं होतं आणि तुम्ही मध्येच ओढून काढलंत, ती रांग पुरी करायला जात असेन का? तसं असेल तर तुमचा शर्ट बरोबर नेणं हे फार वाईट. की तसं असेल तर नेलाच पाहिजे? इथं मी दर वेळी अडकते. तुम्ही असता तर दोन शब्दांत मोकळं केलं असतंत, आणि मी रुसून आत गेले असते, आणि गोष्ट संपली असती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं. जाळायचंही नाही, तसलं काही आपण करत नाही. पासबुकं ठेवते त्या पिशवीत ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. अख्खा शर्ट सामानात जड होईल असं मनाशी म्हणत मी काल त्याचा खिसा ब्लेडनं उसवून काढला. आमा-लानं विचारून ये म्हटल्याच्या आधी नाही. नंतर. तुम्हाला विचारायला बसले ती त्याच्याही नंतर.

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय. सकाळी उठून खिसा परत जागेवर शिवला. टाके वाकडे आले, पण बसला. शर्ट कपाटात ठेवला आणि कॅम्पात गेले. आमा-ला मंदिराच्या पायरीवर टोपी घेऊन उभी होती. ‘पूछा?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘पूछा.’ ‘फिर?’ ‘मना किया.’ ‘मालूम था,’ ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं लामांकडून टोपी पांढऱ्या कापडात बांधून आणली आणि माझ्या हातात दिली. मी तिथूनच गोंदियाला फोन लावला आणि माझं नाव पक्कं करा म्हणून सांगितलं.