पोटगीची ओळ

माय,

आज नांदेडच्या कोर्टाबाहेर माझ्या टेबलाशी एक बाई आली. राजीखुशीची फारकत, वकील नाही, कागद माझ्याकडूनच लिहून हवे होते. मी तिला एकेक ओळ दोनदा वाचून दाखवली. ती वैतागली, "कळलं हो, किती वाचता!" तिला काय सांगू?

तुझ्या फारकतीचा कागद मी अहमदपूरच्या घरी चुलीपाशी बसून लिहिला. लातूर जिल्हा नवा झाला होता, कोर्ट जवळ आलं होतं. पाऊस मात्र आला नव्हता. वकील परवडणारा नव्हता आणि दहावीतल्या लेकीचं अक्षर चांगलं होतं. भाकरी थापत तू सांगत होतीस, "दोन पितळी घागरी लिव. माझ्या माहेरची देवणी गाय लिव, कानावरचा काळा ठिपका बी लिव. आन महिन्याला दाण्यापुरतं देत जा म्हणावं." घागरी लिहिल्या, गाय ठिपक्यासकट लिहिली. शेवटी मात्र लिहिलं की मला पोटगी नको, पुढेही मागणार नाही. आदल्या दिवशी माझ्या बापानं, अप्पांनी, मला एसटी स्टँडवर गाठलं होतं. "पोटगी न्हाई असं लिव, मी तुला नांदेडला हॉस्टेलात ठेवून शिकवतो." आणि मला शिकायचं होतं, माय, लई शिकायचं होतं. "समदं लिवलंस?" तू विचारलंस. मी "हाव" म्हणाले. तू अंगठा उठवलास.

लातूरला साहेबांनी विचारलं, "बाई, कागदातलं सगळं मान्य आहे ना?" तू पदर सावरून म्हणालीस, "माझ्या लेकीनं लिवलंय, साहेब." मी शेजारीच उभी होते.

मग तू दर महिन्याला पोस्टमनला मनिऑर्डरीचं विचारायचीस, आणि मी घरी आले की सांगायचे, कोर्टाला वेळ लागतो. चाऱ्याविना गाय विकलीस, दुष्काळी कामावर खडी फोडलीस. बोटांना चिंध्या बांधून हॉस्टेलवर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आलीस. वर म्हणालीस, "काही म्हण, तुझ्या बापाला लेकीची माया हाय." तो लाडू मी खाल्ला. नको तितका गोड लागला.

तुला लिहिलेला हा कागद घडी करून टेबलाच्या खणात जाईल. अप्पा पुन्हा स्टँडवर भेटले, तर ती ओळ लिहिणार नाही, अशी तुझी शपथ घ्यायला आज बसले होते. घेववली नाही.